चिमणीची पेटी : एका भोकाचा इतिहास

आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. एसटीत नेटवर्क जातं, इयरफोनची एक बाजू बंद पडलेली असते, किंवा नुसतं ऐकून सनावळ्या डोक्यात राहत नाहीत, अशा सगळ्यांसाठी आपण हे टाकत असतो.

आज राजे नाहीत, लढाया नाहीत, तह नाहीत. आज इतिहास आहे एका भोकाचा. सव्वा-दीड इंच रुंदीचं गोल भोक, लाकडी पेटीला पाडलेलं. दरवर्षी २० मार्च आला की या पेटीचे फोटो तुमच्या फोनवर येतात. ‘जागतिक चिमणी दिन’. खाली मजकूर असतो, की चिमण्या संपत चालल्या, मोबाइल टॉवरने मारल्या, एक पेटी लावा आणि चिमणी वाचवा. आपण हात जोडल्याचा इमोजी टाकतो, फॉरवर्ड करतो आणि पुढच्या रीलकडे वळतो.

पण या पेटीची गोष्ट भारी आहे. एके काळी ती पिल्लं खाण्यासाठी टांगली जायची. एका देशात ती चिमणीला बोलावण्यासाठी लावतात, तर दुसऱ्या देशात त्याच पेटीतून चिमणीला हाकलतात. आणि आपल्या आजीच्या घरात तर अशी पेटीच नव्हती, तरी घरभर चिवचिवाट असायचा. तेव्हा आज तीन प्रश्न. पेटी आली कुठून? आजीच्या घरात चिमण्या राहायच्या कुठे? आणि पेटी लावली की चिमणी खरंच वाचते का?

आजीचं घर

नकाशावर वाशिम जिल्हा काढा. त्यात कारंजा तालुका, आणि त्यात धनज बुद्रुक. वऱ्हाडातला हा कापूस, तूर आणि सोयाबीनचा मुलूख. याच तालुक्यात कारंजा-सोहळचं काळविटांचं अभयारण्य आहे. पण आज आपल्याला अभयारण्यात जायचं नाही, गावात जायचंय. धनज असो की शेजारचं कुठलंही गाव, तिथलं जुनं घर डोळ्यांसमोर आणा.

मातीच्या जाड भिंती. वर लाकडाचं आढं आणि वासे, त्यांच्यावर कवेलू. भिंतीत दिवा ठेवायला देवळी, कपडे अडकवायला खुंट्या. एखाद्या ठिकाणी माती निसटून पडलेला खळगा. कवेलू आणि वाशाच्या मधे बोटभर फट. सपरीत देवांच्या आणि आजोबांच्या तसबिरी, खालून भिंतीला टेकलेल्या आणि वरून पुढे झुकलेल्या. तसबिरीमागे जी तिरकी जागा राहते ना, ती चिमणीच्या घरट्याच्या मापाची! शोधायला नको, मागायला नको.

हे झालं राहण्याचं. खाण्याचं बघा. अंगणात आजी सुपाने ज्वारी पाखडतेय, दाणे उडतायत. मागे गोठा, त्यात शेण, शेणात किडे. परसात वाल-दोडक्याचा वेल, त्यावर अळ्या. न्हाणीचं पाणी वाहत जाऊन साचलंय, तिथे प्यायला आणि आंघोळीला सोय. धुळीत लोळायला अंगण. म्हणजे ते घर ही एक भली मोठी पेटीच होती, आणि तिच्याभोवती चिमणीचा सगळा बाजार भरलेला होता.

म्हणूनच आपल्या भाषेत ही पाहुणी एवढी घरातली झाली. लहान मुलाला पहिला घास भरवतात तो चिऊ-काऊच्या नावाने. पहिली गोष्ट सांगतात ती मेणाच्या आणि शेणाच्या घराची. लहानग्या मुलीला आपण लाडाने चिमणी म्हणतो.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर इतिहास अर्धा राहील. हीच ताई शेतात गेली की चोर ठरायची. ज्वारी दाण्यात आली की चिमण्यांचे थवे कणसांवर उतरायचे. मग शेतात माळा घालून, हातात गोफण घेऊन पोरं दिवसभर राखण करायची, हाळ्या मारायची. घरात ताई आणि शेतात चोर, अशा दोन्ही नात्यांनी ती आपल्यासोबत राहिली.

दहा हजार वर्षांची भाडेकरू

हे नातं किती जुनं? शेतीइतकं जुनं. माणसाने पश्चिम आशियात धान्य पेरायला सुरुवात केली त्याला साधारण दहा-अकरा हजार वर्षं झाली, आणि चिमणी तिथूनच आपल्या मागे लागली असं शास्त्रज्ञ मानतात.

२०१८ मध्ये याचा एक सुंदर पुरावा पुढे आला. घरचिमणीची एक रानटी बहीण आहे, मध्य आशियात राहणारी. ती माणसाच्या वस्तीत घरटं करत नाही, गवताच्या बिया खाते आणि हिवाळ्यात स्थलांतर करून आपल्या उत्तर भारताकडे येते. युरोपातल्या संशोधकांनी दोघींचे जनुक ताडून पाहिले. घरचिमणीत दोन ठिकाणी ठळक बदल दिसले. एक कवटीच्या आणि चोचीच्या घडणीशी जोडलेला, म्हणजे टणक दाणे फोडायच्या कामाचा. दुसरा पिष्टमय पदार्थ पचवण्याशी जोडलेला. आणि गंमत ऐका, पिष्ट पचवणारा तसाच बदल शेती करणाऱ्या माणसांत आणि पाळीव कुत्र्यांतही झालेला आहे. भाकरी खायला माणूस शिकला, कुत्रा शिकला आणि चिमणीही शिकली.

म्हणून चिमणीला ‘जंगली पक्षी’ म्हणताना जरा थांबावं लागतं. ती पाळीव नाही, आपण तिला कधी पिंजऱ्यात वाढवली नाही. पण माणसाची वस्ती उठली की चिमणीही तिथून हळूहळू जाते.

पेटीचा जन्म स्वयंपाकघरात

आता पेटीकडे येऊ. युरोपात, आजच्या नेदरलँड्स-बेल्जियमच्या भागात, चार-पाच शतकांपूर्वी लोक घराच्या भिंतीवर मातीची मडकी आडवी टांगायचे. पुढे पक्ष्याला शिरायला भोक आणि मागे माणसाचा हात जाईल एवढं दुसरं भोक. मैनेसारखे दिसणारे स्टार्लिंग पक्षी आणि चिमण्या त्यात अंडी घालायच्या. पिल्लं गुबगुबीत झाली की मागून हात घालून ती काढायची आणि शिजवायची. पेटीचा पहिला उपयोग हा असा, चुलीच्या सोयीचा.

ऑटोमन तुर्कांनी वेगळं केलं. इस्तंबूलच्या मशिदी आणि इमारतींच्या भिंतींवर, उंचावर, त्यांनी दगडात कोरलेले छोटे पक्षीमहाल बसवले. कमानी, घुमट, सज्जे, सगळं चिमणीच्या मापाचं. त्यातले काही आजही बघायला मिळतात. इथे हेतू होता पुण्याचा.

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चार्ल्स वॉटरटन नावाचा एक विक्षिप्त जमीनदार होऊन गेला. यॉर्कशायरमधल्या आपल्या वाडीभोवती त्याने उंच भिंत बांधली, आत बंदूक चालवायला मनाई केली आणि पक्ष्यांना घरटी करायला खास जागा बांधल्या. पिल्लं खायला नाही, बघायला! तेव्हाच्या शेजाऱ्यांना तो वेडा वाटला असेल. पुढे जर्मनीत बॅरन फॉन बर्लेप्श याने सुतारपक्ष्याचं भोक आतून कसं असतं त्याचा अभ्यास करून तशाच लाकडी पेट्या बनवल्या. त्याचा विचार रोकडा होता: पक्षी राहिले तर झाडांवरची कीड खातील.

आणि मग १९४७. ज्या वर्षी आपण स्वतंत्र झालो, त्याच वर्षी ऑक्सफर्डजवळच्या वायटम जंगलात डेव्हिड लॅक या शास्त्रज्ञाने ग्रेट टिट नावाच्या छोट्या पक्ष्यासाठी पेट्या लावून नोंदी सुरू केल्या. कुठल्या पेटीत किती अंडी, कुठल्या तारखेला, किती पिल्लं उडाली. ते काम आजही चालू आहे! हवामान तापत चाललंय हे तिथल्या वहीत स्पष्ट दिसलं. काही दशकांत या पक्ष्यांची अंडी घालायची वेळ सुमारे दोन आठवडे अलीकडे सरकली. कशामुळे? तर झाडांवरच्या अळ्याच आता लवकर निघतात, आणि पिल्लांना अळ्या लागतात.

हा ‘पिल्लांना अळ्या लागतात’ मुद्दा लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

मधल्या काळात चिमणीने दोन मोठे धडे दिले. पहिला अमेरिकेत. तिथे चिमणी मूळची नव्हतीच. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुकलिनमध्ये ती इंग्लंडहून आणून सोडली, अळ्या खाईल म्हणून. तिच्यासाठी शहरांच्या बागांत पेट्याही टांगल्या. पन्नासेक वर्षांत ती जवळपास खंडभर पसरली आणि स्थानिक ब्लूबर्ड पक्ष्यांच्या बिळांवर कब्जा करू लागली. आज अमेरिकेत पेटी लावणारे लोक चिमणीला त्यातून हुसकावतात.

दुसरा धडा चीनमध्ये. १९५८ मध्ये माओच्या सरकारने उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या असे चार शत्रू जाहीर केले. चिमणी धान्य खाते म्हणून लोकांनी थाळ्या-डबे बडवून तिला खाली बसूच दिलं नाही. दमून त्या आकाशातून पडल्या. घरटी मोडली, अंडी फोडली. चिमण्या गेल्या आणि पिकांवरची कीड वाढली. १९६० मध्ये यादीतून चिमणीचं नाव काढलं आणि ढेकणाचं घातलं. त्या काळात चीनमध्ये जो भीषण दुष्काळ पडला त्याची मुख्य कारणं सरकारी धोरणांत होती, पण चिमण्यांच्या या कत्तलीने भर घातली असं अनेक अभ्यासक सांगतात.

बंदुकीकडून दुर्बिणीकडे

आता आपल्या महाराष्ट्रात या. इथे घरटी बघण्याची नोंदलेली परंपरा कशी सुरू झाली?

सुरुवात गोळा करण्यातून झाली. ॲलन ह्यूम, काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला माहीत असलेला, तो मुळात पक्ष्यांचा वेडा. १८७३ मध्ये त्याने भारतातल्या पक्ष्यांच्या घरट्यांवर आणि अंड्यांवर ग्रंथ काढला. त्या काळी अभ्यास म्हणजे पक्षी मारा, कातडं भरा, अंडी फोडून पोकळ करा आणि कपाटात ठेवा. १८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यात डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. आणि एक होते साताऱ्यात जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, जे ‘ई. एच. ए.’ या नावाने लिहायचे. लांबच्या जंगलांऐवजी आपल्या बंगल्याच्या आवारातले कावळे, उंदीर, मुंग्या हाच त्यांचा विषय. परसदारी बसून निसर्ग बघता येतो, हे त्यांनी खुसखुशीत भाषेत दाखवलं. १९०० मध्ये त्यांचं मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचं पुस्तक आलं.

आता नऊ-दहा वर्षांच्या एका मुंबईकर मुलाकडे वळू. साल १९०६-०७. घोड्यांच्या तबेल्यात भिंतीच्या भोकात चिमणीचं घरटं होतं. मादी आत अंड्यांवर, आणि नर बाहेर एका खिळ्यावर पहाऱ्याला. पोराच्या हातात छऱ्यांची बंदूक. त्याने नर मारला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला, तोही त्याच खिळ्यावर बसला. त्यालाही मारलं. मग तिसरा आला. सात दिवसांत या मुलाने त्या एका खिळ्यावरचे आठ नर टिपले, आणि प्रत्येक वेळी जागा भरली गेली. हे सगळं त्याने वहीत लिहून ठेवलं. तो मुलगा म्हणजे सलीम अली.

आज ऐकताना अंगावर काटा येतो. पण त्या नोंदीत एक मोठी गोष्ट दडलेली आहे. नरांची टंचाई नव्हती, ते रांगेत उभे होते. टंचाई होती ती भिंतीतल्या भोकाची. चांगलं भोक मिळालेल्या मादीला जोडीदार आपसूक मिळत गेला. चिमणीच्या जगात घराला किंमत आहे, हे त्या आठ नरांनी जिवानिशी दाखवून दिलं.

तोच सलीम अली पुढे कसा बदलला बघा. १९३० मध्ये मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी गेल्यावर ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्यात शिडीवर कापडी आडोसा करून ते तासन् तास बसून राहिले, आणि हातात यावेळी वही होती. त्यांना जे दिसलं ते तोवर कुणी नीट मांडलं नव्हतं. नर अर्धवट खोपा विणतो. माद्या येतात, आत शिरून तपासतात, पसंत पडला तर राहतात. मग नर तो पुरा करतो आणि लगेच दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. १९३१ मध्ये हे संशोधन छापून आलं आणि त्यांचं नाव झालं.

गंमत अशी, की मराठीत या पक्ष्याला आपण ‘सुगरण’ म्हणतो. बहिणाबाईंची तिच्या खोप्यावरची कविता शाळेत सगळ्यांनी म्हटलेली आहे. आणि खोपा विणतो तो मात्र नर! कौतुक बाईचं आणि काम बुवाचं, असं आपल्याकडे फारसं कुठे ऐकलंय का?

किहीमच्या शिडीवर जे घडलं ते महत्त्वाचं अशासाठी, की मारून किंवा गोळा करून जे कळलं नव्हतं ते नुसतं बसून बघण्याने कळलं.

भोक बुजलं

विसाव्या शतकाच्या शेवटी घरं बदलली. मातीच्या भिंती पाडून विटा-सिमेंट आलं, कवेलू जाऊन स्लॅब आला. तसबिरी भिंतीला सपाट चिकटल्या. खिडक्यांना जाळ्या लागल्या. यात कुणाची चूक नाही बरं का. गळकं छप्पर आणि दर पावसाळ्यात ढासळणारी भिंत ज्याने सोसली आहे, त्याला पक्कं घर हवंच. पण घर पक्कं होताना ते छोटं भोक बुजलं, हे खरं.

शेतातही बदल झाला. विदर्भात ज्वारीचा पेरा घटला आणि सोयाबीन वाढलं. सोयाबीनचा दाणा काही चिमणीच्या कामाचा नाही. अंगणात पाखडणं थांबलं, धान्य पिशवीत बंद येऊ लागलं. गोठे कमी झाले. कपाशीवर फवारण्या वाढल्या. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे तुम्हाला आठवत असेल. जे औषध माणसाला एवढं लागतं, ते किड्यांचं काय करत असेल, आणि किड्यांवर जगणाऱ्या पिल्लांचं काय?

चिमणी कमी झाल्याची बोंब आधी लंडनमध्ये उठली. २००० साली ‘द इंडिपेंडंट’ या दैनिकाने चक्क पाच हजार पौंडांचं बक्षीस लावलं: चिमण्या का गेल्या ते शास्त्रीय पुराव्याने सिद्ध करा. पुढे लेस्टर शहरात केट व्हिन्सेंट या संशोधिकेने पेट्या लावून आतल्या पिल्लांच्या नोंदी घेतल्या. आणि पेटीने उत्तर दिलं. चिमण्या पेटीत येत होत्या, अंडी घालत होत्या, पिल्लंही निघत होती. पण जिथे किडे कमी तिथे पिल्लं आतच उपाशी मरत होती. कारण मोठी चिमणी दाण्यांवर जगते, पण तिच्या पिल्लाला पहिल्या दिवसांत अळ्या, मावा, नाकतोडे असलं मऊ खाणं लागतं. तांदळाच्या कण्या टाकून ती भूक भागत नाही.

आणि टॉवर? टॉवरने चिमण्या मेल्या याला ठोस पुरावा मिळालेला नाही. इंग्लंडमध्ये तर मोबाइल घराघरांत पोचण्याच्या आधीच चिमण्या घटू लागल्या होत्या.

आपल्याकडे नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी हा विषय लावून धरला. नेचर फॉरेव्हर सोसायटी काढली, पेट्या आणि दाणापात्रं लोकांपर्यंत पोचवली. २००८ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांची पर्यावरणवीरांत गणना केली. २०१० पासून २० मार्चचा चिमणी दिन सुरू झाला. म्हणजे तुमच्या फोनवर येणारा तो जागतिक दिवस मूळचा आपल्या महाराष्ट्रातला आहे. त्याच वर्षी जुलैत टपाल खात्याने चिमणी आणि कबुतराची तिकिटं काढली. २०१२ मध्ये दिल्लीने चिमणीला राज्यपक्षी केलं.

मग २०२० मध्ये ‘भारतातील पक्ष्यांची सद्यःस्थिती’ हा अहवाल आला. पंधरा हजारांहून जास्त हौशी पक्षीनिरीक्षकांनी मोबाइल-कॉम्प्युटरवर भरलेल्या एक कोटीच्या वर नोंदींवर तो उभा होता. त्याने काय सांगितलं? सहा महानगरांत चिमणी घटलेली दिसते. पण देशभराचा विचार केला, तर पंचवीसएक वर्षांत तिची संख्या साधारण स्थिर आहे.

म्हणजे ‘चिमणी नामशेष होतेय’ हा फॉरवर्ड जसाच्या तसा खरा नाही. पण एक अडचण आहे. अशा नोंदी शहरांतून आणि प्रसिद्ध पक्षीस्थळांवरून भरपूर येतात, छोट्या खेड्यांतून फार कमी. मुंबईची चिमणी मोजायला माणसं आहेत. धनजची कोण मोजणार?

पेटीत काय दिसतं

इथे तुमचा फोन कामाला येतो. आधी पेटी कशी लावायची ते पटकन ऐका. पेटी लाकडाची घ्या, पत्र्याची नको. वऱ्हाडातल्या उन्हात पत्र्याच्या पेटीची भट्टी होते. भोक सव्वा इंचाच्या आसपास, फार मोठं केलं तर साळुंकी घर बळकावते. आठ-दहा फूट उंचीवर, दुपारचं ऊन लागणार नाही अशा भिंतीला, मांजर पोचणार नाही अशा जागी. पंख्याजवळ अजिबात नको. तळाला दोन बारीक छिद्रं. भोकाखाली बसायला दांडी लागत नाही. चिमणीला तिची गरज नसते, शत्रूला मात्र सोय होते. चिमण्यांना शेजार आवडतो, म्हणून थोड्या अंतराने दोन-तीन पेट्या लावल्या तर बरं.

मग थांबा. आठवडा लागेल, कधी वर्षही लागेल. आधी नर येईल. गळ्याखाली काळा डाग, डोक्यावर राखाडी टोपी. भोकापाशी बसून तो एकाच सुरात चिवचिवत राहील, जणू ‘जागा भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लावलीय. मादी मातकट रंगाची, गळा साधा. ती आत डोकावेल, जाईल, परत येईल. पसंत पडलं की काड्या, सुतळीचे तुकडे, कोंबडीची पिसं आणि आपल्या भागात तर शेतातला कापूससुद्धा आत जायला लागेल.

अंडी रोज एक, साधारण तीन ते पाच. पांढुरकी, त्यावर करडे-तपकिरी ठिपके. अकरा ते चौदा दिवस उबवणं. मादी जास्त, पण नरही अधूनमधून बसतो. या दिवसांत पेटी शांत असते आणि बघणाऱ्याला वाटतं काहीच घडत नाहीये. एक दिवस अचानक दोघांची ये-जा वाढते. ओळखायचं, पिल्लं निघाली. उघडी, आंधळी, गुलाबी. आईबाप चोचीत काहीतरी घेऊन येतात आणि जाताना बऱ्याचदा पांढरी पुडी घेऊन जातात. ती पिल्लांची विष्ठा! घर स्वच्छ ठेवायची त्यांची रीत. दुसऱ्या आठवड्यात आवाज बाहेर येऊ लागतो, मग भोकातून डोकी दिसतात. चौदा ते सोळा दिवसांत पिल्लं बाहेर पडतात. त्यानंतरही काही दिवस बाप त्यांना भरवत असतो, आणि आई तोवर त्याच घरट्यात पुढच्या वेतीच्या तयारीला लागते.

पेटी उघडून बघायचा मोह आवरा. फोन आत खुपसून व्हिडिओ काढू नका. मोठी झालेली पिल्लं घाबरून वेळेआधी उडी मारतात. घरट्याला आणि अंड्यांना धक्का लावणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही बसत नाही. हां, पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर उचलून परत ठेवायला हरकत नाही. माणसाचा हात लागला की बाकीच्या चिमण्या त्याला टोचून मारतात असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण तसं नसतं. आईबाप त्याला भरवतात.

करायचं एवढंच. रोज ठरावीक वेळी अर्धा तास लांब बसा आणि मोजा. आईबापाच्या किती फेऱ्या झाल्या? चोचीत काय होतं, अळी की दाणा? किती पिल्लं उडाली? फोनच्या नोट्समध्ये तारखेसकट लिहा. ई-बर्ड हे ॲप फुकट आहे, त्यावर गावाची यादी भरा. ५ ते १२ नोव्हेंबर या पक्षी सप्ताहात तर नक्की. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा, म्हणून महाराष्ट्रात तो आठवडा पाळतात.

आता तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. पेटीने चिमणी वाचते का? एकट्या पेटीने नाही. पेटी फक्त बुजलेलं भोक परत देते. अळ्या, पाणी, धूळ, झुडूप हे पेटीत येत नाही. पण पेटीमुळे चिमणीला काय कमी पडतंय ते आपल्याला दिसतं. पिल्लं निघाली आणि उडालीच नाहीत, तर समजायचं, अडचण भिंतीत नाही, परसात आणि शेतात आहे. मग बांधावरचं बोरीचं झुडूप न तोडणं, परसातल्या वेलावर औषध न मारणं आणि उन्हाळ्यात मातीच्या उथळ भांड्यात पाणी ठेवणं, ही कामं पेटीइतकीच महत्त्वाची ठरतात. आणि एखाद्या पेटीत चिमणीऐवजी दयाळ आला, तर त्यालाही राहू द्या. त्याचं गाणं चिमणीपेक्षा गोड आहे.

या आठवड्यात एक काम करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा: तुमच्या जुन्या घरात चिमण्या नेमक्या कुठे राहायच्या? देवळीत, तसबिरीमागे, की कवेलूखाली? शेतात राखणीला कधी गेला होतात का? त्यांचं उत्तर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा आणि आपल्याला पाठवा. वऱ्हाडी बोलीत असेल तर अजून छान. निवडक आवाज पुढच्या भागात ऐकवू.

तोवर ऐकत राहा, वाचत राहा. भेटू पुढच्या भागात!